छत्रीवालीचं पुस्तक कोनत्या बाजूनं उघडावं

शाहीनच्या फोनात बर्फ पुना पहिल्यापासून पडाले लागला. फोन मी उल्टा केला, सुल्टा केला, पदरानं पुसला, कानाशी लावून पाह्यला, जसं काई आतून कोनी बोलनार होतं. माही गुड्डी मांडीवर बसून खुदुखुदु हासून राहिली होती. तिचं बोट अजून काचेवरच होतं, बोटाले बिस्कुटाचा लगदा. आत्ता, आत्ताच तं तिथं मुकी सयपाकीन परातीत पीठ पसरून हुभी होती, पिठात बोटानं नाव लिहिनार होती, छत्रीवाली पोरगी कोनं नेली त्याचं नाव, आन् शाहीन म्हने थांब वंदे, नमाज पढके आती, मेरे बगैर हात मत लगा. मी नाहीच लावला. गुड्डीनं लावला. मंग काचेवर दोन चौकोनी डबे आले, आत इंग्रजी, एक वरतं एक खालतं, आन् मले वाटलं एखादा दाबला तं हे जाईन, म्हनून मी दाबला. कोनता दाबला ते आजबी नाही सांगता येत. काच काळी झाली. मंग ते पहिल्या दिवशीचं गानं वाजलं, बारीक, दूर कुठंतरी कोनी वाटीवर चमचा वाजवते तसं, आन् बर्फात ते लाकडाचं हॉटेल हुभं राह्यलं, आन् दारात छत्रीवाली, जिवंत, पिवळी छत्री घेऊन. सगळं पुसल्या गेलं होतं. श्रावनापासून दसऱ्यापर्यंत आमी दोघीनं जे जे वाचलं ते सगळं.

शाहीन आली तवा तिच्या बाह्या ओल्याच होत्या. तिनं फोन घेतला, इकडे तिकडे बोट फिरवलं. मी म्हनलं, "मी नाही वं, पोट्टीनं."  मले वाटलं आता शाहीन म्हनन उद्यापासून येऊ नको. घरातली वस्तू फुटली असती तं एवढं भेव नसतं वाटलं. बाहेर तिच्या सासऱ्याची रुई पिंजाची मशीन घरघर करून राहिली होती आन् मले माह्याच छातीत घरघर आयकू येऊन राहिली होती. मंग शाहीननं गुड्डीचं बोट धरलं, त्याच्यावरचं बिस्कुट तिच्याच फ्राकले पुसलं, आन् म्हने, "तेरी बेटी बडी होके जज बनेगी देख. सबकी फाइल एक उंगलीसे बंद."

मी हासली. जीव भांड्यात पडला. पन तिचं बोलनं संपलं नोयतं.

"चल, अच्छा हुआ एक तरहासे," ती म्हने. "अब रोशनीको शुरूसे सुनाऊंगी."

रोशनी म्हंजे माही जाऊ. लहान दिराची बायको, उन्हाळ्यातच लग्न झालं होतं तिचं, बारावी पास. आन् माह्यं जळनं त्या दिवशी, त्या येळेपासून सुरू झालं.

यंदाबी झेंडू आला. म्हनून तं हे सगळं आठवून राहिलं. सकाळी वावरात उतरलं का पहिले वास येते, लोकाईले वाटते झेंडूचा वास गोड असन, तो गोड नसते, कडू असते, ओल्या पाल्यासारखा, आन् तोडून तोडून बोटाच्या टोकाले काळा-हिरवा डाग बसते तो साबनानं जात नाही. मंग भाकरीले तोच वास, लेकराच्या केसाले तोच वास. फूल तोडाचं तं देठाखाली नख लावाचं, मुंडकं आपोआप हातात येते, टक. दिवसभर टक टक टक. त्या आवाजातच मले ते साल आयकू येते.

त्या सालात फुलानं भरलेले कॅरेट भरलेलेच वापस येत होते. अकोल्याच्या मार्केटात कोनी विचारे नाही, मंग येतायेता लोकं सडकेच्या कडीले उपडे करत. मूर्तिजापूरपर्यंत सडक पिवळी झाली होती, जशी काई कोन्या देवाची वरात गेली आन् कोनी झाडलंच नाही. ढोरं तोंड लावत आन् सोडून देत. मानसं घरी येत आन् बोलत नोयते. गुड्डीचे बाबा येऊन ओसरीत बसत, चपलीतला खडा काढाले वाकत, आन् वाकलेलेच राहत.

आन् तवा आमच्या गावात बायाईची एक रीत पडली होती. कोनी कोनाले शिकवली नाही, आपोआप पडली. फवारा झाला का औषधाचा डब्बा घरात नाही ठेवाचा, गोठ्यात नाही, वावरातल्या झोपडीत नाही. गादीवाल्याकडे ठेवून याचा. गादीवाले म्हंजे शाहीनचं सासर, पिंजारी, सडकेवरच त्याईचं घर आन् मागं रुईच्या गठ्ठ्याईची खोली, तिले कुलूप. माही सासू चुलीपाशी बसून, वर न पाहता म्हने, "हे ठिवून ये वं तिकडं. घरात लेकरू हाय, तोंडात घालन." लेकरासाठी नोयतं ते, हे सासूले माहीत, मले माहीत, गुड्डीच्या बाबालेबी माहीत असन. पन सगळ्या घरी हेच बोलनं. ज्या घरी लेकरूच नोयतं ते म्हनत मांजर हाय. शाहीननं कधी कोनाले काहून म्हनून विचारलं नाही. डब्बे वळखू यावे म्हनून बायाईनं आपापल्या लुगड्याची चिंधी बांधलेली. आमची चिंधी जांभळी. शाहीन कुलूप उघडे, चिंध्यावाले डब्बे रांगेत ठेवे, कुलूप लावे, आन् किल्ली कमरेले खोचून म्हने, "बैठ जरा. पानी पी."

असं मी बसली. असं ते सुरू झालं.

शाहीन अमरावतीची. बारावीपर्यंत उर्दू शाळेत शिकली, मंग एक साल कॉलेजात गेली, मंग लग्न. तिचा भाऊ अमरावतीले क्लास करे, त्यानं तिच्या फोनात ते टाकून देल्लं होतं. मी नववीत शाळा सोडली, इंग्रजी मले फक्त साबनाच्या कागदावरची येते. तं ती वाचे आन् आपल्या भाषेत सांगे, अर्धी हिंदी अर्धी आपली.

ज्यानं पाह्यलं नाही त्याच्यासाठी सांगतो, ते गेम हाय पन धावाचं-मारामारीचं नाही. ते वाचाचं असते. चित्र येते, खाली लिहिलेलं येते, बोट लावलं का पुढचं. मागून गानं वाजत राहते. गोष्ट एका डोंगरातल्या हॉटेलाची, जपान देशातल्या, बर्फ पडून रस्ता बंद झालेला. हॉटेलवाल्याची लहानी पोरगी गायब होते, पिवळी छत्री तेवढी इहिरीपाशी सापडते. आपन कोन, तं आपन तिथली नवी कामवाली बाई. आपल्याले शोधाचं. आन् मधातमधात गोष्ट थांबते आन् दोन डबे येतात. दार उघडाचं का नाही. चष्मेवाल्याले खरं सांगाचं का लपवाचं. आपन जे म्हनू तशी गोष्ट वळते. नावं जपानी, माह्या जिभेले वळत नोयती, म्हनून आमी आपलीच ठेवली. चष्मेवाला, मुकी, बुढा मालक, छत्रीवाली.

बर्फ मी कधी पाह्यला नाही. लग्नानंतर एकडाव चिखलदऱ्याले गेलो होतो तं धुकं पाह्यलं, तेच. पन शाहीनच्या घरी बर्फ होता. मशीन चालू असली का रुईचे धागे हवेत उडत, खिडकीतून ऊन येई त्यात दिसत, हळूहळू खाली बसत. गुड्डीच्या पापन्याले, शाहीनच्या ओढनीले, चायच्या कपात. बाहेर भर ऊन, आन् आमी अर्धवट भरलेल्या गादीवर बसून बर्फात. कानातल्या वायरले दोन बोंडं असतात, एक तिच्या कानात, एक माह्या. तिचं डोकं माह्या डोक्याले लागे. असं माह्या जवळ येऊन कोनी बसलं होतं ते माह्या बहिनीनंतर तीच.

डबे आले का ती मले विचारे. "बोल वंदे. दार खोलना के नही?" मले लय भेव वाटे. मी म्हनो नको खोलू. नेहमीच. रात्री कोनी दार ठोकलं, नको. इहिरीकडे आवाज झाला, नको जाऊ. चष्मेवाल्यानं विचारलं, नको सांगू. शाहीन हासे, "तू तो हॉटेलमे सोनेकोच आयी." पन दाबे तेच, जे मी सांगलं ते. माह्या जल्मात दोन डबे समोर ठेवून तुले काय पाह्यजे असं कोनी विचारलं नोयतं. शाळा सुटली तवा नाही. लग्न झालं तवा नाही. आन् इथं मी नाही म्हनलं का जपानातलं दार बंद राहे.

आन् मंग गुड्डीचं बोट लागलं, आन् रोशनी आली.

दुसऱ्या दिवशी दोघी जावा गेलो. डब्बा रोशनीच्या हातात, गुड्डी माह्या कडेवर. शाहीननं रोशनीले सांगाले सुरुवात केली, नव्या मानसानं हे कसं वाचाचं ते, आन् मी तिथंच बसून आयकून राहिली. "देख, चार बाता सुन. कोन है, ये पूछना नही. मेरेको बी नही. जो डब्बा दिलको आया वो दबाना, सही-गलत कुछ नही. गाना बंद हुआ तो मुंह बंद, तब कुछ होनेवाला रहता. और ये किताब..." तिनं ट्रंकेतून एक पुस्तक काढलं, जाड, चित्राचं, तेच हॉटेल वरतं. तिच्या भावानं अमरावतीच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून आनलेलं. "इसमे पूरी कहानी तसवीरोंमे है. ये बादमे. पहिले गेम, फिर किताब. किताब पहिले देखी तो गेम मर जाता."

हेच सगळं तिनं मले सांगलं होतं. याच शब्दात. मुंह बंद म्हनताना ओठावर बोट असंच ठेवलं होतं. मले वाटत होतं ते माह्यासाठी होतं.

वायरचे बोंडं दोनच. एक शाहीनच्या कानात गेलं, एक रोशनीच्या. शाहीन म्हने, "तूने तो सुना हुआ है." खरं होतं. मी समोर बसून गुड्डीच्या डोक्यातली रुई काढत राहिली. त्या दोघीचे चेहरे दिसत आन् गानं नाही. छत्रीवाली पहिल्यांदा दिसली तवा रोशनी म्हने, "अय्या, किती गोड हाय वो भाभी हे." आन् मले एवढा राग आला, एवढा, का तिच्या हातातून फोन घ्यावा. राग याचा नाही का ते तिले मिळालं. राग याचा का तिले अजून माहीत नाही. ते पोरगी जाईन, इहिरीपाशी छत्री सापडन, मुकी पीठ पसरन, हे सगळं तिचं अजून याचं होतं. माह्यं झालं होतं. जेवन एकच असते, पन जो पहिला घास घेऊन राहिला त्याच्या तोंडाकडे पाहून पाहा एकडाव.

आन् डबे आले का ती फट्टकन म्हने, "खोला दार." विचार नाही, काई नाही. "जाऊ इहिरीकडे. बोलू चष्मेवाल्याले, काय खाऊन टाकते का तो." आन् गोष्ट वळली. माह्यासंगं जे दार बंद राह्यलं त्याच्यामागं, रोशनीनं उघडलं तं, मुकी हुभी होती, हातात कंदील. ते मले माहीतच नोयतं. शाहीननंबी नोयतं पाह्यलं. शाहीन उडालीच, तिनं रोशनीच्या पाठीवर थाप मारली, "वाह री वाह, ये तो मैने बी नही देखा था!" माह्या पाठीवर तिनं कधी अशी थाप मारली नोयती. मी म्हनलं, "मंग पुढं काय झालं?" तं दोघी एकदम म्हनल्या, "शू. गाना बंद है."

घरी येताना रोशनी म्हने, "ताई, तुमी एवढे दिवस काय केलं वो तिथं? सगळे दारं बंदच ठेवले म्हने."

मी म्हनलं, "तुले भेव नाही वाटत का?"

"कायचं भेव? गेमच तं हाय."

त्या उत्तरावर मी लय दिवस विचार केला. जिले शेवट माहीत नसते तिले भेव नसते. ती नवी होती. आमच्या गल्लीतली ती शेवटच्या घरची बाई, जिच्या घरचा डब्बा एका साली घरातच राहून गेला होता आन् जिचं कुंकू गेलं, ते तिनं पाह्यलं नोयतं. तिच्या गावात संत्र्याचे बगीचे, बापाचं कपड्याचं दुकान. तिले सासू म्हने "लेकरू तोंडात घालन," तं ते खरंच समजे का लेकरासाठी हाय. म्हनून एक दिवस ते विसरली. मी गुड्डीच्या अंगात ताप म्हनून घरी होती, सासूनं तिच्या हाती डब्बा देल्ला, तिनं तो गोठ्याच्या भिंतीले ठेवला, चप्पल घालाले, आन् तसाच ठेवून गेली, गोष्टीच्या ओढीनं. दुपारी गुड्डीचे बाबा मार्केटातून आले, कॅरेट भरलेलेच, आन् मी पाह्यलं तं ते गोठ्याकडे जाऊन राहिले, आन् भिंतीशी जांभळी चिंधी. मी पोट्टीले खाटेवर टाकलं आन् धावली. दार लोटलेलं होतं. मी उघडलं. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत हुभे होते, नुसते. म्हने, "काय झालं वं? पोट्टी बरी हाय ना?" मी म्हनलं, "हो. चाय ठेवू का इचाराले आली." डब्बा पदराखाली घेऊन मी गादीवाल्याकडे गेली, आन् तिथं दोघी बसल्या होत्या, डोक्याले डोकं लावून, गालाले रुई चिकटलेली, हासून राहिल्या होत्या.

मी रोशनीले काईच बोलली नाही. बोलली असती तं तिले कळलं असतं, आन् कळलं असतं तं तीबी माह्यासारखी झाली असती. आज हे सांगताना वाटते, मी चांगुलपनानं गप राह्यली. पन तवा तसं नोयतं. तवा मले वाटलं, हिले विसरता येते. मले काहून नाही येत.

शाहीननं माह्यं तोंड पाह्यलं असन. तिनं कुलूप लावलं, ट्रंक उघडली, आन् ते पुस्तक माह्या हातात देल्लं. "घरपे बैठे बैठे बोर होती होगी. ले, देख."

तुमाले वाटन किती चांगली होती ती. होतीच. पन मी ते पुस्तक घेऊन चालत आली आन् डोक्यात एकच, पहिले गेम फिर किताब, किताब पहिले देखी तो गेम मर जाता. म्हंजे माह्यासाठी गेम मेला तरी चालते. रोशनीसाठी जपून ठेवाचा, माह्यासाठी नाही.

तरी मी ते उघडलं. गुड्डीचा ताप उतरून ती झोपली होती, अंगनात सासू झेंडूच्या माळा ओवून राहिली होती. अक्षरं इंग्रजी, फुग्यात लिहिलेली, ती मले लागनारच नोयती, मी चित्रंच पाह्यली. पहिल्या पानावर स्टेशन, बर्फ वितळून राहिलेला, छत्रीवाली मुकीचं बोट धरून हुभी. पुढं पान उलटलं तं सगळे लोकं एका खोलीत, मुकी बोट दाखवून राहिली. पुढं इहीर. पुढं अंधार. मंग इहिरीपाशी पडलेली छत्री. मंग पोरगी हॉटेलात धावून राहिली, बुढा मालक तिच्या केसाले रिबिन बांधून राहिला. आन् शेवटच्या पानावर हॉटेलाच्या सगळ्या खिडक्यात उजेड, टेबलाभोवती सगळे बसलेले, चष्मेवालाबी, मुकी ताट वाढून राहिली, आन् पोरगी मधात. कोनी कमी नाही. मी रडली. मले वाटलं एवढी चांगली गोष्ट जगात कोनी केली नसन. माह्या पुस्तकात पोरगी इहिरीतून निघते, छत्री जमिनीवरून हातात येते, आन् सगळे एका जागी जेवाले बसतात.

सकाळी मी पुस्तक घेऊन पळत गेली. दोघीले सांगलं. "सगळे वापस आले वं शाहीन. शेवटी सगळे जेवाले बसतात."

शाहीननं पुस्तक घेतलं, हातावर पालथं केलं. "कहांसे खोली तूने?"

मी दाखवलं. आपन जसं उघडतो तसं. रामरक्षेचं पुस्तक उघडतो तसं, शाळेचं उघडतो तसं.

"अगे बावली, ये तो हमारी तरफसे खुलती." तिनं उजवीकडून उघडलं, सहज, न पाहता, जशी ती आपलं कुराणशरीफ उघडे, उर्दूची चौथीची किताब उघडे. तिच्या हाताले ते सरळ होतं. "जपानवाले बी हमारे जैसेच. तूने तो पूरी कहानी उल्टी पढी." आन् ती हासाले लागली, डोळ्यातून पानी येईपर्यंत, आन् रोशनी गादीवर लोळून हासली, "ताई, तुमी तं पिच्चर मागं पळवलं."

मीबी हासली. सगळे हासले का हासाच लागते. मंग मी विचारलं, "म्हंजे, पोरगी सुरुवातीले होती आन् मंग गेली? का शेवटी सापडली? का स्टेशनवर हाय ते खरं नाही?"

त्या दोघीनं एकमेकीकडे पाह्यलं.  शाहीननं ओठावर बोट ठेवलं.

ती नजर मी अजून विसरली नाही. घरात दोघी एक झाल्या, आन् मी बाहेर, आन् दाराले कडी. आन् ते दार तं मीच एवढे दिवस बंद ठेवाले सांगत होती.

दिवाळीनंतर शाहीनचे लोकं अमरावतीले गेले. अकोल्यात फोमच्या गाद्याची दुकानं झाली, रुईची गादी कोन भरवते. मशीन विकली. टेम्पोत गठ्ठे चढवून राहिले होते तवा गावातल्या बाया येऊन आपापला डब्बा घेऊन गेल्या, चिंधी पाहून पाहून, कोनी कोनाकडे न पाहता. मी पुस्तक वापस द्याले गेली. ती टेम्पोच्या पुढं बसली होती, मांडीवर कपडे शिवाची मशीन. म्हने, "रख. पहिले सीधी पढ ले. फिर जिसको कुछ मालूम नही, उसको दे."

मी सरळ कधीच वाचलं नाही. किती झेंडू आले आन् गेले. औषधाचे डब्बे आता मी ज्वारीच्या कोठीमागं ठेवतो, आन् गुड्डीचे बाबा आता अमरावतीले स्वतः फुलं घेऊन जातात, हासतातबी कधीकधी, पन मी कोठीमागं पाहाचं सोडलं नाही. पुस्तक मी पाहतो, पन माह्या बाजूनं. ज्या दिवशी गुड्डीचे बाबा वाकून बसले दिसतात त्या दिवशी मी पाहतो. स्टेशनपासून जेवनाच्या टेबलापर्यंत. रोशनीनं ते गेम शेवटपर्यंत केलं होतं, शाहीन जायच्या आधी, तिले सगळं माहीत हाय. आता ती वेगळी राहते, दोन लेकरं हायत, तरी मधात कधी म्हनते, "ताई, सांगू का वो कोन होतं ते?" मी कान झाकतो. ती म्हनते, तुमी तं लेकरापेक्षा लेकरू.

शाहीनचा फोन येते दसऱ्याले. परवाबी आला. आंब्याच्या पानाचं, झेंडूचं बोलली, तिच्या गुडघ्याचं बोलली. आन् मागून ते गानं आयकू आलं, बारीक, वाटीवर चमचा. मी म्हनलं, "कोन हाय वं तुह्यापाशी?" ती म्हने, "बाजूवाली नयी आयी है, परतवाड्यासे. बिचारीका मन नही लगता. सुना रही हूं उसको." मंग तिकडं कोनाले तरी म्हने, "अगे रुक, गाना बंद हुआ, मुंह बंद." आन् इकडे मी फोन कानाशी धरून, झेंडूच्या ढिगात बसून, तशीच जळली. अजून जळतो. त्या परतवाड्यावालीले मी पाह्यलंबी नाही.

आन् आज दुपारी गुड्डी शाळेतून आली, तीच गुड्डी, जिच्या बोटानं सगळं पुसलं, आता इंग्रजी फटाफट वाचते. तिच्या वर्गातल्या पोरीच्या बहिनीनं तिले त्या गेमचं सांगलं, म्हने आई, त्याचं चित्राचं पुस्तक असते, लय भारी, पन कोन हाय ते कोनाले विचाराचं नाही असते. मी काई बोलाच्या आधी तिनं पेटीतून ते काढलं. वर हॉटेल पाह्यलं, बर्फ पाह्यला. "आई, हे तं आपल्याच घरी होतं. तू सांगलं काहून नाही?" मंग दोन्हीकडून उलटून पाह्यलं, दोन्हीकडून जिल्द सारखीच दिसते, आन् माह्याकडे पाह्यलं.

"आई, हे कोनत्या बाजूनं हाय?"

माह्या हातात फूल होतं, देठाले नख लावलेलं, तसंच राह्यलं. ओसरीत तिचे बाबा चप्पल काढून राहिले होते. सरळ बाजू सांगलं तं हे पहिल्या पानावर सगळ्याईले जेवताना पाहीन आन् मंग एक एक पान पोरगी जाईन, छत्री इहिरीपाशी पडन, आन् हिले भेव काय असते ते माह्या घरात बसून, माह्याच पुस्तकातून कळन. आन् शेवट माह्याआधी तिले कळन, तेबी मले सोसवनार नाही, पोटची पोरगी असली तरी, हे मी तुमालेच सांगतो. माही बाजू सांगलं तं सगळे वापस येतीन, पन उद्या ती शाळेत जाऊन सांगन आन् पोरी गादीवर लोळून हासतीन, आन् दोघीजनी एकमेकीकडे पाहतीन.

ती अजून पुस्तक दोन्ही हातात धरून हुभी हाय. तुमी असत्या तं कोनती बाजू सांगली असती?